वाफसा आणि छावणी : घोड्याच्या टापांखालचा इतिहास

घोड्यांच्या शर्यतीचे निकाल वर्तमानपत्राच्या ज्या रकान्यात छापले जातात, तो रकाना मराठी वाङ्मयाचा अभ्यासक सहसा ओलांडून पुढे जातो. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले. घोड्याचे नाव, मालक, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचे वजन, अंतर, लागलेला वेळ एवढा तपशील निकालात असतो. शर्यतीच्या पत्रिकेत मात्र याच्या जोडीला आणखी एक लहानशी नोंद आढळते : त्या दिवशी पेनेट्रोमीटरने मैदानाचा कोणता आकडा दाखविला. ठरावीक उंचीवरून ठरावीक वजन सोडले असता सळई जमिनीत किती रुतते, याचा हा आकडा असतो. सळई जितकी खोल जाईल तितकी जमीन मऊ. घोडा, मालक आणि जॉकी यांच्याविषयी हवे तेवढे लिहिले जाते. जमिनीविषयी एवढा एक आकडा, आणि तोही अनेकदा वाचला जात नाही. प्रस्तुत लेख त्या आकड्यामागच्या ओलीविषयी आहे.

परभणी जिल्ह्यात रेसकोर्स नाही. तरीही हा विषय परभणीच्या रानातून पाहावा असे आम्हांला वाटले, आणि त्याचे कारण प्रथमतः भाषिक आहे. शर्यतीच्या इंग्रजी परिभाषेत मैदानाच्या अवस्थांची एक उतरंड आहे : 'फर्म', 'गुड', 'सॉफ्ट', 'हेवी' आणि यांच्या मधल्या काही पायऱ्या. यांतील 'गुड' ही अवस्था सर्वांना हवीशी, परंतु तो शब्द स्वतः काहीच सांगत नाही. परभणीच्या शेतकऱ्याकडे मात्र जमिनीच्या अशा मधल्या अवस्थेसाठी नेमका शब्द आहे : वाफसा. पाऊस पडून गेल्यावर चिखल ओसरला आहे, पण ओल गेलेली नाही. माती मुठीत धरली तर गोळा होतो, पण हाताला चिकटत नाही. औत घातले तर फाळाला लोंदे लागत नाहीत आणि ढेकळेही निघत नाहीत. अशा जमिनीला 'वाफसा आला' असे म्हणतात. पेरणीची मोकळी जमीन आणि गवताच्या मुळांनी बांधलेले मैदान या गोष्टी एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. परंतु दोन्हीकडे प्रश्न एकच असतो : माती, पाणी आणि हवा यांचे प्रमाण आज कसे आहे, आणि ते किती तास टिकेल? वाफसा ही मुदतीची गोष्ट आहे. ती येते, थांबते आणि जाते. इतिहास लिहिताना आपण ही मुदत विसरतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

परभणीच्या काळ्या जमिनीत ही मुदत फार आखूड असते. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचा अंश मोठा आहे. पाणी मिळाले की तिचे कण फुगतात, छिद्रे बुजतात आणि वरचे पाणी खाली जाईनासे होते. पाणी गेले की तीच माती आकसते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की त्यांत हात सहज आत जावा. वरची माती या भेगांतून खाली पडते आणि पुढच्या पावसात पुन्हा वर ढकलली जाते. म्हणूनच ही जमीन स्वतःला नांगरते असे म्हणण्याची रीत आहे. जिल्ह्यात वर्षाकाठी पाऊस सरासरीने 900 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातील बहुतेक मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत. म्हणजे एकच रान आषाढात चिखल, मार्गशीर्षात घट्ट पण लवचीक, आणि चैत्र-वैशाखात भेगाळलेले दगडासारखे असते. नकाशावर या तिन्ही अवस्थांना एकच रंग दिलेला असतो.

आता या जमिनीवर घोडा धावतो अशी कल्पना करू. शर्यतीचा घोडा साधारण साडेचारशे ते पाचशे किलो वजनाचा. भरधाव वेगात त्याचा एकेक पाय क्षणभर एकटाच जमिनीवर असतो आणि त्या क्षणी त्या पायावर देहाच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. जमीन कठीण असेल तर हा धक्का खुरातून वर नळीच्या हाडापर्यंत आणि गुडघ्यापर्यंत जातो. जमीन फार मऊ असेल तर खूर रुततो, तो उपटून काढण्यात दम जातो आणि स्नायुबंध ताणले जातात. काळ्या चिखलाची ओढ तर अशी की नालच उपटून निघावी. बैल आणि रेडा यांची गोष्ट निराळी. त्यांचा दुभंगलेला खूर चिखलात पडताना फाकतो आणि वर येताना मिटतो, त्यामुळे चिखल त्यांना सहज सोडतो. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर कंबळा ही शर्यत भरते, तीत रेडे पाण्याने भरलेल्या चिखलातच पळविले जातात. तिथे चिखल हीच धावपट्टी. घोड्याचा खूर एकसंध. निसर्गाने तो माळरानासाठी घडविला आणि माणसाने त्याला काळ्या रानात आणले.

हे रान आणि हा प्राणी यांची सांगड घालण्याचा पहिला उपाय पंचांगाने केला. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करीत आणि पावसाच्या तोंडाशी परतून छावणी करीत, हे शाळेतच आपण वाचतो. सीमोल्लंघनाच्या विधीचे, शमीच्या पूजनाचे, आपट्याच्या पानांचे वर्णन वाङ्मयात विपुल आहे. पण दसरा येतो तो हस्त नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे नदी उतरू लागते, वाटा सुकू लागतात, नवा चारा उभा असतो आणि जमिनीला घोड्याच्या दृष्टीने वाफसा येऊ लागतो तेव्हा, हे आपण क्वचित लक्षात घेतो. 'छावणी' हा शब्दही येथे पाहण्याजोगा आहे. छावणे म्हणजे छप्पर घालणे, शाकारणे. फौजेची छावणी म्हणजे आधी पावसाळ्याचा निवारा, आणि त्या निवाऱ्याचा पहिला हक्कदार घोडा.

शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीतील, 1670 च्या दशकातले, चिपळूणच्या परिसरात छावणी केलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला उपद्रव देऊ नये या आज्ञेसाठी ते नेहमी उद्धृत होते आणि ते योग्यच आहे. परंतु ते पत्र पावसाळ्याच्या हिशेबाचेही पत्र आहे. दाणा आणि वैरण पाऊस संपेपर्यंत पुरली पाहिजे. आताच मनमानी उधळली तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, मग लोक रयतेच्या घरात शिरतील, असा त्यातला युक्तिवाद आहे. येथे नीती आणि हवामान हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत. चार महिने घोडा जागच्या जागी उभा राहणार, हे पत्रात गृहीत धरलेले आहे. जे गृहीत असते ते सहसा लिहिले जात नाही. ओलीची नोंद आपल्या कागदपत्रांत म्हणूनच थोडी सापडते; तिथे तिथी सापडते, आणि तिथीवरून ओल आपण वाचावयाची असते.

या रीतीने एक तारीख वाचून पाहू. 10 ऑगस्ट 1763, राक्षसभुवन. परभणी जिल्ह्यातून पुढे वाहत जाणारी गोदावरी त्याआधी आजच्या बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून जाते, तिच्या दक्षिण तीरावरचे हे गाव. ऑगस्टचा दुसरा आठवडा म्हणजे फौजांनी छावणीत असावे असा काळ. निजाम अली काही फौजेसह नदी उतरून उत्तर तीरावर गेला होता. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडेच होता आणि गोदावरीला पूर होता. माधवराव आणि राघोबादादा यांनी त्या अर्ध्या फौजेला गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि पलीकडच्या तीरावरून निजामाला मदत धाडता आली नाही. या लढाईतून तरुण पेशव्याचे तेज, राघोबादादांचे उतावीळपण, भोसल्यांची फिरलेली बाजू असे अनेक धागे काढले जातात. ते खरेच आहेत. पण फौजेचे दोन तुकडे नदीने केले होते. वर्षाच्या दुसऱ्या कोणत्याही महिन्यात हीच हालचाल केवळ एक नदी उतरणे ठरली असती.

पुढे चाळीस वर्षांनी हाच हिशेब एका परक्या सेनापतीने शांतपणे कागदावर मांडला. आर्थर वेलस्लीने 1801 साली मराठी मुलखातील युद्धाविषयी जे टिपण केले, त्यात पावसाळा हाच मराठ्यांशी लढण्यास अनुकूल काळ, असे प्रतिपादन आहे. त्याचे कारण साधे होते : भरल्या नद्यांमुळे घोडदळाचा वेग नाहीसा होतो, आणि ज्याच्याजवळ नावांची व्यवस्था आहे त्याचा लाभ होतो. मराठ्यांच्या पंचांगाचाच त्याने शस्त्र म्हणून विचार केला. 1803 च्या ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगर घेतले आणि 23 सप्टेंबरला, दसरा उजाडण्याच्या आधीच, असईला शिंदे-भोसल्यांची फौज गाठली. असई आज परभणीच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात आहे. केळणा नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसली तेव्हा त्यांच्यामध्ये उतार असणारच, असे अनुमान करून तो पलीकडे गेला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पाणी आणि जमीन वाचण्याची ही सवय होती.

याच माणसाचे नाव पुढे वॉटर्लूशी जोडले गेले. 17 आणि 18 जून 1815 यांच्या मधल्या रात्री तिथे मुसळधार पाऊस झाला. तोफा आणि घोडदळ चालण्याइतकी जमीन सुकावी म्हणून नेपोलियनने हल्ला दुपारच्या तोंडापर्यंत लांबविला आणि संध्याकाळच्या सुमारास प्रशियाची फौज येऊन पोहोचली. साऱ्या पराभवाचे खापर चिखलावर फोडणे भाबडेपणाचे होईल. इतिहासकारांत त्यावर मतभेद आहेत. तथापि नेपोलियन त्या सकाळी ज्याची वाट पाहत होता, त्याला परभणीचा शेतकरी 'वाफसा' म्हणाला असता, एवढे आम्ही निःशंकपणे म्हणू.

युद्धाकडून शर्यतीकडे जाण्याची वाट परभणीजवळूनच जाते. आजचा हिंगोली जिल्हा 1 मे 1999 पर्यंत परभणीचाच भाग होता, आणि हिंगोली हे एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटचे ठाणे होते. तिथले घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. बारगिराला घोडा सरकार देते, शिलेदार घोडा स्वतःचा आणतो. घोडा शिलेदाराचे भांडवल होता. तो भेगेत पाय अडकून लंगडा झाला किंवा चिखलात आखडला, तर नुकसान आधी त्याच्या घरात पोहोचत असे. जमीन कशी आहे हा प्रश्न शिलेदाराला सैनिकी प्रश्न म्हणून पडत नसे. तो पोटाचा प्रश्न होता. शर्यतीच्या मैदानात मालकाला, ट्रेनरला, मोतद्दाराला जी धास्ती असते, तिचा हा पूर्वज म्हणता येईल.

इंग्रजी अमदानीत 'छावणी' शब्दाचा अर्थ सरकला. पावसाळ्याचा निवारा असलेली छावणी बारमाही झाली, तिला 'कँटोन्मेंट' असे भाषांतर मिळाले, आणि या बारमाही छावण्यांच्या पोटात शर्यतीची मैदाने आली. पुण्याचे रेसकोर्स लष्कर भागात आहे, ते या परंपरेने. मुंबईत 1802 साली बॉम्बे टर्फ क्लब स्थापन झाला. तेथील शर्यती प्रथम भायखळ्याला होत आणि 1883 पासून महालक्ष्मीला होऊ लागल्या. 1935 साली क्लबच्या नावामागे 'रॉयल' हे विशेषण लागले आणि 'रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब' हे आजचे नाव पूर्ण झाले. परभणी ज्या संस्थानात 1948 पर्यंत होती, त्या हैदराबादेत सहाव्या निजामाच्या काळी, 1886 साली, शर्यती मौला अलीहून मलकपेठला आल्या.

या क्लबाचे दोन हंगाम आहेत. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पुण्याचा जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत. घोडे, मालक, ट्रेनर तेच. पाऊस जवळ आला की तळ घाटावर जातो, पाऊस गेला की खाली येतो. कारण उघड आहे. मुंबईत पावसाळ्यात 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि महालक्ष्मीची सखल, समुद्राकाठची जमीन तो पचवू शकत नाही. पुणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. तिथे वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास, तोही सरींनी. मराठी फौजेचे पंचांग येथे उलटे झालेले दिसते. ज्या छावणीत घोड्याने पावसाळाभर उभे राहावयाचे, त्याच छावणीत तो पावसाळाभर धावू लागला. पण नियम मोडला म्हणून तो रद्द झाला असे नव्हे. पुण्यातही पाऊस एखाद्या शनिवार-रविवारी मर्यादा सोडतो, मैदान निसरडे होते, एक-दोन शर्यतींनंतर जॉकी तक्रार करतात आणि उरलेला दिवस रद्द करावा लागतो, असे प्रसंग आलेले आहेत.

मुंबईच्या मैदानाची समस्या याच्या नेमकी उलट. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तिथे पाऊस जवळजवळ नाहीच. पहिली इंडियन डर्बी 1943 साली झाली. 2400 मीटरची ही शर्यत बहुधा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते. त्या दिवशी घोड्याच्या टापेखाली जी ओल असते तिच्यातला जवळपास प्रत्येक थेंब माणसाने घातलेला असतो. पुण्याचे मैदान आभाळ घडविते, मुंबईचे नळ घडवितो, असे म्हणावयास हरकत नाही.

नळाने वाफसा आणणे ही कला वाटते तितकी सोपी नाही. रोज थोडे थोडे पाणी दिले तर वरचा थर ओला राहतो, गवताची मुळे वरच्या वर राहतात आणि टापेसरशी गवताचा पापुद्रा सुटून येतो. दिवसाआड भरपूर पाणी दिले तर मुळे खोल जातात व माती बांधली जाते; पण शर्यतीच्या किती तास आधी पाणी बंद करावे, याचा अंदाज ऊन आणि वारा पाहून बांधावा लागतो. तुषारांचे पाणी वाऱ्याने एका अंगाला जाते आणि मैदानाची एक कड दुसरीपेक्षा मऊ होते. मग घोड्याच्या गुणापेक्षा तो कोणत्या कडेने धावला याला मोल येते. आतल्या कुंपणालगतची पट्टी सर्वांत अधिक तुडविली जाते, म्हणून फॉल्स रेल लावून धावण्याची रेषा बाहेर सरकवितात आणि आतल्या गवताला विसावा देतात. सर्वांत घातक अवस्था मात्र ओल्या किंवा कोरड्या मैदानाची नाही, दुहेरी मैदानाची : खाली कठीण थर आणि वर हलक्या सरीने ओला झालेला निसरडा पापुद्रा. दीर्घ पावसात घोडा सावध होतो. अशा फसव्या ओलीवर तो वळणावर घसरतो. पेनेट्रोमीटरचा आकडा येथे अपुरा पडतो, कारण तो सळई किती रुतली ते सांगतो, टाप किती सरकेल ते सांगत नाही. इंग्लंडात एकविसाव्या शतकाच्या आरंभी वापरात आलेली 'गोइंग स्टिक' म्हणूनच दोन गोष्टी मोजते : काठी जमिनीत शिरण्यास लागणारा जोर, आणि शिरलेली काठी तिरकी ओढण्यास लागणारा जोर.

मोजमाप कितीही सूक्ष्म झाले तरी आभाळ आपला वाटा मागून घेतेच. 7 एप्रिल 2001 रोजी इंग्लंडातील ग्रँड नॅशनल शर्यत अतिशय जड चिखलात झाली. 40 घोडे सुटले आणि शेवटपर्यंत 4 पोहोचले. त्यांतही दोघांचे स्वार वाटेत पडून पुन्हा चढलेले. 'रेड मरॉडर' हा विजेता 11 मिनिटे घेऊन आला. त्या दिवशी शर्यत घ्यावयास नको होती असे अनेकांनी म्हटले. निकालाच्या कोष्टकात मात्र ते वर्ष इतर वर्षांच्याच ओळीत, तितक्याच अक्षरांत छापलेले असते.

येथे पुन्हा परभणीच्या शिवाराकडे येऊ. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांच्या बाजारासाठी ती सर्वदूर ओळखली जाते. ती मार्गशीर्ष वद्यात. खानदेशात तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला. यात्रेच्या तिथी देवाच्या आहेत, त्यांचे कारण आम्ही मातीत शोधू पाहत नाही. परंतु घोडा विकत घेणाऱ्याला त्याची रवाल पाहावयाची असते, दुडकी पाहावयाची असते, दौडीत तो पाय कसा टाकतो हे पाहावयाचे असते. आणि यासाठी चिखल सरलेली, भेगा न पडलेली जमीन मार्गशीर्षातच मिळते. या जमिनीला कोणी पाणी दिलेले नसते. गेल्या पावसाने ठेवून दिलेली ती ओल असते. परतीचा पाऊस कमी झाला तर तीही नसते, आणि मग रबीचे शिवार आणि बाजाराचे मैदान दोन्ही एकदमच कोरडे पडतात.

रेसकोर्सचा वाफसा विकत घेता येतो, शिवाराचा येत नाही. हा भेद नेहमी झाकलेला असतो. एप्रिल 2016 मध्ये तो उघडा पडला. 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन, परभणीच्या दक्षिण शेजारी असलेल्या लातुरात पोहोचली. त्याच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात क्रिकेटच्या आयपीएल सामन्यांसाठी खेळपट्ट्यांवर पाणी मारण्याचा प्रश्न सुनावणीस होता. पिण्याचे पाणी वापरणार नाही, असे सांगताना क्रिकेट मंडळाने न्यायालयापुढे एक पर्याय ठेवला : रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबाकडून सांडपाण्यावर प्रक्रिया केलेले पाणी, दिवसाला सात-आठ टँकर. 13 एप्रिलला न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला, आणि त्या वर्षीचा अंतिम सामना बंगळुरूला झाला.

या प्रसंगाचे सोपे तात्पर्य काढण्याचा मोह होतो : इकडे तहान, तिकडे हिरवळ. आम्ही तो आवरतो. सात-आठ टँकर सांडपाण्याने लातूरची तहान भागली नसती, आणि ज्या क्लबाने सांडपाणी स्वच्छ करून मैदानाला घातले त्याने निदान पिण्याच्या पाण्याला हात लावला नव्हता. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते निराळे. त्या आठवड्यात प्रथमच, मैदानावरची ओल हा सार्वजनिक प्रश्न म्हणून न्यायालयात बोलला गेला. एरवी ती गृहीत असते, जशी छावणीतल्या घोड्याची चार महिन्यांची विश्रांती गृहीत होती. ओल कोठून आली, किती आली, कोणाच्या वाट्याची आली, हे विचारण्याची वेळ आली तेव्हाच ती दिसू लागली.

नळाच्या पाण्याचे दुसरे टोकही परभणीने पाहिले आहे. पैठणचे जायकवाडी धरण 1976 साली झाले आणि त्याचा डावा कालवा परभणीच्या काळ्या रानात आला. पिके आली, ऊस आला. आणि काळ्या जमिनीत जिथे निचऱ्याची सोय न करता पाणी सोडले जाते, तिथे तिची जी गत होते तीही पाहावी लागते. ती चिबड होते, क्षार वर येतात. महालक्ष्मीचा माळी जो धडा एका हंगामात शिकतो तोच हा : पाणी घालणे हे अर्धे काम, ते बाहेर काढणे हे उरलेले अर्धे. रेसकोर्सवर चूक झाली तर एक दिवसाची शर्यत रद्द होते. रानात चूक झाली तर ती दुरुस्त करण्यास पिढी जाते.

'छावणी' या शब्दाचा तिसरा अर्थ सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आजच्या मराठवाड्यात हा शब्द कानावर पडला तर कोणालाही घोडदळ आठवत नाही, कँटोन्मेंटही आठवत नाही. आठवते ती दुष्काळातली चारा छावणी. पावसापासून घोड्याला वाचविण्यासाठी जो शब्द घडला, तो आता पाऊस न आल्यामुळे गुरांना जगविण्यासाठी वापरला जातो. शब्दाचा अर्थ शंभर-दोनशे वर्षांत असा पूर्ण फिरतो, तेव्हा त्यामागे भाषेची लहर नसते. जमिनीत आणि पाण्यात काहीतरी बदललेले असते, आणि शब्दकोशाच्या आधी ते गोठ्यात कळलेले असते.

असो. आमची सूचना साधी आहे. बखर वाचताना, पत्रव्यवहार वाचताना, पोवाड्यातली दौड शिकविताना किंवा शर्यतीचा निकाल चाळताना, तारखेपाशी क्षणभर थांबावे आणि विचारावे की त्या दिवशी जमिनीला वाफसा होता काय. बहुतेक वेळा उत्तर कागदात मिळणार नाही. पंचांगात, नदीच्या पाण्यात आणि मातीच्या जातीत ते शोधावे लागेल. परभणीच्या विद्यार्थ्याला यासाठी ग्रंथालयाबाहेर फार दूर जावे लागत नाही. पाऊस थांबल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रानात जाऊन एक मूठ माती दाबून पाहिली तरी पुरे.